ऋण एका मोजपट्टीचं

माझ्या कामात मला जे काही समजलं, ते बहुतेक दुसऱ्यांनी दिलेलं आहे. देणाऱ्यांत माणसं आहेत, तशी एक मोजपट्टीही आहे. व्हाइनलँड सोशल मॅच्युरिटी स्केल हे तिचं पूर्ण नाव. आम्ही सगळे तिला व्हीएसएमएस म्हणतो. मूल स्वतःचं स्वतः किती करतं, चार माणसांत कसं वावरतं, सांगितलेलं कितपत पार पाडतं, हे त्याला रोज सांभाळणाऱ्या माणसाशी बोलून समजून घ्यायचं, एवढंच तिचं काम. तिच्या नागपुरी आवृत्तीत जन्मापासून पंधराव्या वर्षापर्यंतची ८९ कलमं आहेत. माझी आजवरची नोकरी विदर्भात झाली. त्यातला मोठा वेळ या ८९ कलमांच्या सोबतीनं गेला. म्हणून हे देणं एकदा लिहून ठेवावंसं वाटलं.

मानसशास्त्रात एम.ए. करत होते तेव्हा मला बुद्धिमापनाचं फार आकर्षण होतं. वि. वि. कामत यांनी बिने यांच्या चाचणीचं मराठी आणि कानडी मुलांसाठी केलेलं रूप आम्हाला अभ्यासाला होतं. डॉ. ए. जे. मालिन यांची भारतीय मुलांसाठीची बुद्धिमापन चाचणी होती. तिच्यातले ठोकळे, चित्रांचे तुकडे, घड्याळ लावून घ्यायचे उपप्रकार मला शास्त्राचं खरं रूप वाटायचे. मूल समोर बसतं, काही करून दाखवतं, आपण गुण देतो. त्यात कोणाच्या सांगण्यावर विसंबायचं कारण नाही. त्या मानानं आईला प्रश्न विचारून भरायचा तक्ता मला दुय्यम वाटायचा. आई आपल्या मुलाबद्दल खरं सांगेल कशावरून, असं मी मनात म्हणत असे. मूल घरी काय करतं हे मला त्याच्या घरी न जाता कळण्याचा दुसरा मार्ग कोणता, हा प्रश्न मात्र मला कधी पडला नाही. तेवढी समज तेव्हा नव्हती.

ती समज दिली माझ्या पहिल्या नोकरीतल्या मॅडमनी. त्या बालमार्गदर्शनाच्या कामात जुन्या होत्या. त्यांच्या ओपीडीत मुलाबरोबर आई असे, पुष्कळदा आजी, कधी नुसते वडील. तक्ता मॅडमच्या मांडीवर पडलेला असे, पण त्याच्याकडे बघून त्या प्रश्न वाचत नसत. ‘तो स्वतः जेवतो का?’ असा प्रश्न त्यांनी विचारलेला मी कधी ऐकला नाही. त्या विचारायच्या, ‘काल संध्याकाळी जेवायला काय होतं? कोण कोण बसलं होतं? मग याचं ताट कोणी वाढलं?’ तिथून बोलणं चालू झालं की घास कोणी केला, सांडलं किती, पाणी कोणी आणून दिलं, हात कोणी धुतले, हे न विचारताच बाहेर येई. एका जेवणाच्या गोष्टीतून चारपाच कलमं भरली जात. मग आंघोळ, मग कपडे, मग अंगणातला खेळ.

पुढे कळलं की ही पद्धत त्या मोजपट्टीचा प्राणच आहे. ती तयार करणारे एडगर डॉल यांचा आग्रह होता की उत्तर सुचवणारा प्रश्न विचारायचा नाही. मूल काय करू शकेल याचा अंदाजही मागायचा नाही. ते सवयीनं, रोजच्या रोज काय करतं, तेच नोंदवायचं. ‘येतं का?’ म्हटलं की आई आशेनं हो म्हणते, किंवा धसक्यानं नाही म्हणते. ‘काल काय झालं?’ म्हटलं की तिला आठवून सांगावं लागतं. आईवर विश्वास ठेवायचा की नाही, हा माझा प्रश्नच चुकीच्या जागी उभा होता. आईला जे ठाऊक आहे ते बाहेर येईल असं विचारायचं कसं, हे शिकणं माझं काम होतं.

मॅडमनी मला आणखी एक गोष्ट शिकवली, ती एका आजीच्या निमित्तानं. वर्धेकडचं शेतकरी कुटुंब. नातवाला सहावं लागलेलं. तान्हेपणी त्याला झटके आले होते. ते थांबून बराच काळ झाला होता, पण घराची भीती गेली नव्हती. शाळेत घालायचं तर गुरुजी म्हणाले, आधी तपासून आणा. आजी आल्या आल्या म्हणाल्या, ‘त्याले का येते जी? मीच भरवतो, मीच न्हाऊ घालतो.’ आणि खरंच, जेवणाचं विचारलं तर आजी भरवते, कपड्यांचं विचारलं तर आजी घालते, शौचाचं विचारलं तरी आजीच. मी बाजूला बसून मनातल्या मनात उणेच्या खुणा करत होते. पोरगं पाच-सहा वर्षांचं आणि तक्ता दोन वर्षांपाशी थांबतोय असं दिसत होतं.

मॅडमनी तक्ता बाजूला ठेवला आणि विचारलं, ‘आजी, तान्ह्या पोळ्याला याचा नंदी कोणी नेला?’

आजींचा चेहरा उजळला. आमच्याकडे तान्ह्या पोळ्याला पोरं लाकडी नंदी घरोघर नेतात. तो त्यानंच नेला होता. आजीचे गुडघे दुखत होते, बाप वावरात होता, म्हणून तो गल्लीतल्या पोरांबरोबर गेला. दोरी धरून चार-पाच घरं फिरला. बोजाऱ्याचे, म्हणजे नंदी नेला की घरोघरी देतात ते, पैसे मिळाले ते खिशात ठेवले, रस्त्यात कोणा मोठ्या पोरानं मागितले तर दिले नाहीत, घरी येऊन आजीच्या हातात मोजून दिले. कोणत्या घरी नुसताच खाऊ मिळाला, हेही त्यानं सांगितलं. ‘नंदीचं चाक निंगलं होतं जी, तं त्यानंच बसवलं,’ आजी म्हणाल्या.

एका सणाच्या गोष्टीतून मुलाचं बोलणं, मोठ्यांशिवाय गल्लीत फिरणं, पैशाची राखण, बरोबरच्या पोरांत मिसळणं, हातानं काही दुरुस्त करणं, सगळं समोर आलं. भरवणं आणि न्हाऊ घालणं राहिलं, त्याचं कारण त्याला येत नव्हतं हे नसून त्याला कोणी करूच देत नव्हतं, हे होतं. डॉल यांच्या गुणांकनात यासाठी वेगळी खूण आहे: संधी मिळाली नाही. ती त्यांनी मुद्दाम ठेवली. जमत नाही आणि करू दिलं नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या एकाच रकान्यात टाकल्या तर मुलावर अन्याय होतो, हे त्यांना १९३५ साली, मोजपट्टी पहिल्यांदा छापली तेव्हाच दिसलं होतं. माझ्या पुस्तकात ती ओळ होती. परीक्षेत मी ती लिहिलीही असेन. पण तिचा अर्थ मला त्या दिवशी कळला.

मॅडमनी आजींना औषध म्हणून एवढंच सांगितलं की ताट वाढून द्या आणि शेजारी बसा, हात लावू नका. आजी पुन्हा आल्या तेव्हा तक्रार घेऊन आल्या, की तो आता भरवू देत नाही.

या मोजपट्टीचा इतिहास मी पुढे सवडीनं वाचला आणि मला तिच्याबद्दल अधिकच आदर वाटला. अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात व्हाइनलँड नावाचं गाव आहे. तिथे १८८८ साली बौद्धिकदृष्ट्या मागे असलेल्या मुलांसाठी एक निवासी संस्था सुरू झाली. याच संस्थेत हेन्री गोडार्ड यांनी बिने यांची बुद्धिचाचणी युरोपातून आणून अमेरिकेत रुजवली. त्यांचं १९१२ सालचं एका घराण्याच्या पिढ्यांवरचं पुस्तक गाजलं. मतिमंदत्व रक्तातूनच येतं आणि तेच गुन्हेगारीचं, दारिद्र्याचं मूळ आहे, असं त्यात मांडलं होतं. ते पुढे शास्त्रीयदृष्ट्या खोटं ठरलं, पण ठरेपर्यंत अशा विचारानं फार माणसांचं नुकसान झालं. डॉल यांनी तरुणपणी गोडार्ड यांच्याच हाताखाली तिथे काम सुरू केलं होतं. संस्थेचं संशोधन पुढे त्यांच्याकडे आलं, तेव्हा त्यांनी प्रश्नाची दिशा बदलली. नुसत्या बुद्ध्यांकावरून माणसाला मंद ठरवता येणार नाही, तो आपलं आयुष्य कितपत चालवतो ते आधी बघा, असं ते म्हणू लागले. त्यांची मूळ मोजपट्टी ११७ कलमांची होती आणि ती प्रौढ वयापर्यंत जात होती. १९५३ मध्ये त्यांनी तिच्यावर सविस्तर ग्रंथ लिहिला. डॉल यांचंही सगळं पुढे टिकलं नाही. मतिमंदत्व मुळात बरं होत नाही असं त्यांच्या व्याख्येत होतं, ते नंतरच्या व्याख्यांनी काढून टाकलं. पण १९५९ पासून अमेरिकेतल्या या क्षेत्रातल्या संघटनेनं व्याख्येत बुद्धीच्या जोडीला जुळवून घेण्याचं वर्तन धरलं. आज बौद्धिक दिव्यांगत्वाचं कोणतंही निदान या दोन्हींशिवाय पूर्ण होत नाही. त्यामागे डॉल यांच्या कामाचा मोठा वाटा आहे.

ही मोजपट्टी भारतात आली ती नागपुरात, याचा मला विदर्भाची मुलगी म्हणून अभिमान वाटतो. डॉ. मालिन यांनी नागपूरच्या बालमार्गदर्शन केंद्रात तिचं भारतीय रूप केलं. देशभरातले मानसशास्त्रज्ञ आजही ‘नागपूर अ‍ॅडाप्टेशन’ असंच म्हणतात. असं रूपांतर किती गरजेचं होतं ते मूळ तक्ता पाहिला की कळतं. त्यात मूल टेबलावरच्या सुरीनं पावाला लोणी लावतं का, बर्फावरची घसरगाडी वापरतं का, असली कलमं आहेत. सात-आठ वर्षांच्या मुलानं सांताक्लॉज खरा नसतो हे ओळखलं का, हेसुद्धा एक कलम आहे. परिपक्व होणं म्हणजे आपल्या माणसांत, आपल्या चालीरीतींत वावरायला शिकणं. त्यामुळे त्याचं माप त्याच मातीतून घ्यावं लागतं. तान्हा पोळा कोणत्याच तक्त्यात नाही. तो विचारणाऱ्याला ठाऊक असावा लागतो.

कामाच्या पुढच्या वर्षांत एक मुलगी आली, आठेक वर्षांची. आईबाप वीटभट्टीवर जाणारे. दर दिवाळीनंतर गाव सुटायचं, पावसाच्या तोंडाशी परत यायचं. शाळेच्या पटावर नाव, हजेरी नावापुरती. शाळेनं ‘मतिमंद असावी’ म्हणून पाठवली होती. बुद्धीच्या चाचणीत तिचा आकडा खरोखरच कमी आला. शब्दांचे अर्थ, आकडे, कागदावरच्या आकृत्या, यांतलं तिच्या वाट्याला काही आलंच नव्हतं. तिच्या आईला मी मॅडमच्या पद्धतीनं विचारलं, परवाच्या दिवसाचं. ती भात टाकते, दुकानातून चहा-साखर आणते आणि उरलेले पैसे बरोबर आणते, धाकट्या भावाला दिवसभर सांभाळते, त्याला ताप आला तर भट्टीवर जाऊन आईला बोलावते. तिचं सामाजिक वय तिच्या खऱ्या वयाच्या पुढे गेलं. ते वय भागिले खरं वय गुणिले शंभर केलं की एसक्यू, म्हणजे सोशल कोशंट, निघतो. तो शंभराच्या वर होता. बौद्धिक दिव्यांगत्वाचा शिक्का तिच्यावर बसायला नको, तिला शाळा हवी, असं मी अहवालात लिहू शकले ते या कागदाच्या जोरावर.

तरीही त्या आकड्याचा मला आनंद झाला नाही. आठ वर्षांच्या पोरीचा एसक्यू वाढला कारण तिचं खेळण्याचं वय कामात गेलं होतं. मोजपट्टी ते सांगत नाही. तिचं कामही ते नाही. ते आपण अहवालात लिहायचं असतं, आणि मी तेव्हापासून लिहिते.

दुसऱ्या टोकाची मुलंही आली. पाचव्या वर्षी रस्त्यावरच्या सगळ्या पाट्या वाचणारा, इंग्रजी महिने न चुकता म्हणणारा मुलगा. घरच्यांना तो फार हुशार वाटायचा, आणि एका अर्थी होताही. पण तहान लागली तर तो पाणी मागत नसे. आईचा हात धरून माठापाशी नेई आणि हात माठावर ठेवी. शेजारची पोरं आली तर त्यांच्याकडे बघत नसे. व्हीएसएमएसची कलमं आठ भागांत विभागलेली आहेत: स्वतःची सर्वसाधारण काळजी, खाणं, कपडे, स्वतःचे निर्णय, कामधंदा, संवाद, हिंडणं-फिरणं आणि लोकांत मिसळणं. त्याच्या तक्त्यात हिंडण्या-फिरण्याचा भाग वयाला धरून होता. संवाद आणि मिसळणं खूप मागे होतं. एकच सरासरी आकडा सांगितला असता तर हे दिसलं नसतं. स्वमग्नतेकडे बोट दाखवणारी पहिली खूण मला त्या उंचसखल तक्त्यात दिसली आणि पुढच्या तपासण्या वेळेत झाल्या.

या कागदानं मला माझ्याच घरात बघायला लावलं, तेही सांगायला हवं. आमच्या गावी माझे एक चुलतकाका होते. सगळे त्यांना भोळे म्हणत. लग्न झालं नाही, शाळा दुसरीत सुटली. लहानपणी आम्ही भावंडं त्यांच्याशी प्रेमानं वागायचो, पण मोठ्या माणसाशी बोलावं तसं कधी बोललो नाही. नोकरी लागल्यावर एकदा सुट्टीत त्यांच्याकडे नुसती बघत बसले आणि मनातल्या मनात कलमं भरत गेले. काका गायीम्हशींचं सगळं करत. कोणती एसटी कधी येते ते गावाला तेच सांगत. मयताला, बारशाला सगळ्यांच्या आधी हजर असत. पैशापाशी येऊन तक्ता अडला, कारण त्यांच्या हातात घरातल्या कोणी कधी पैसे दिलेच नव्हते. चाळिशी उलटलेल्या माणसापुढे मला तीच खूण करावी लागली, संधी मिळाली नाही. मी आजोबांशी बोलले. ते आधी नाराज झाले, मग दुधाच्या हिशेबातले थोडे पैसे काकांकडे राहू लागले. काकांनी त्यातून स्वतःसाठी बॅटरी घेतली. दुकानदारानं किती परत दिले ते त्यांनी मला दोनदा सांगितलं.

मोजपट्टीच्या उणिवा मला दिसत नाहीत असं नाही. ऋणाची जाणीव आहे म्हणूनच त्या सांगायला हव्यात. नागपूर आवृत्तीची वयं ठरली त्याला काही दशकं झाली. पाच-सहा वर्षांचं मूल एकटं शाळेत जातं, असं मूळ तक्ता धरतो. आज पुण्या-नागपूरच्या रहदारीत कोणते शहाणे आईबाप त्याला एकटं सोडतील? घरात मोबाइल आला, अंगण गेलं, एकत्र कुटुंब गेलं. काही गोष्टी मुलं लवकर शिकतात, काही उशिरा. अमेरिकेत सारा स्पॅरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये व्हाइनलँडची पूर्ण नवी मांडणी केली, २०१६ मध्ये तिची तिसरी आवृत्ती आली. आपल्याकडे मराठी मुलांसाठी, गाव आणि शहर दोन्ही धरून, वयाची नवी प्रमाणं बसवण्याचं मोठं काम विद्यापीठांनी हाती घ्यायला हवं.

ही निकड वाटायला आणखी एक कारण आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानंतर केंद्रानं २०१८ साली प्रमाणपत्राच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत व्हीएसएमएसच्या आकड्यावरून बौद्धिक दिव्यांगत्वाचे टक्के ठरवले गेले. ५५ ते ६९ असेल तर ५० टक्के, ७० ते ८४ असेल तर २५. बहुतेक सवलतींना किमान ४० टक्के लागतात. म्हणजे त्या सूचनांप्रमाणे ६९ आणि ७० यांच्यामध्ये एका कुटुंबाचा एसटी पास, शिष्यवृत्ती, पेन्शन उभी असते. कलम भरताना माझा हात जड होतो तो म्हणून. कधी एखादी आई मुलाला येणाऱ्या गोष्टीही येत नाहीत म्हणून सांगते, कारण तिला प्रमाणपत्र हवं असतं आणि तिची गरज खरी असते. कधी बाप सगळं येतं म्हणतो, कारण त्याला ते मान्य करवत नाही. दोघांवरही रागावता येत नाही. अशा वेळी मी मॅडमचंच करते: आकडा विसरायचा आणि कालच्या दिवसाचं विचारायचं, पुन्हा एकदा, घाई न करता.

मॅडम निवृत्त होऊन बराच काळ झाला. आता नव्यानं आलेल्या मुली माझ्या शेजारी बसतात. त्यांना मी हेच सांगते की तक्ता भरायला जो वेळ लागतो तो आईचा असतो, तो तिला द्या. ओपीडीची रांग लांब असली तरी द्या.

आणि पालकांना एक विनंती. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरहून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. तेव्हापासून या कार्यक्रमातून अंगणवाडीत आणि शाळेत मुलांची तपासणी करणारी पथकं येतात आणि गरज वाटली तर पुढे जिल्ह्याच्या केंद्रात पाठवतात. तसा कागद हातात आला तर घाबरू नका आणि टाळू नका. फक्त येताना त्या मुलाला रोज न्हाऊ घालणारं, जेवायला वाढणारं, त्याच्या शेजारी झोपणारं माणूस बरोबर आणा, मग ती आजी असो, थोरली बहीण असो की शेजारची काकू. आम्हाला जे विचारायचं आहे ते त्यांनाच ठाऊक असतं.